शाळा बालकेंद्री, घर मात्र गुणकेंद्री!

(पालक-शिक्षक मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्यापैकी अनेकांनी आपल्या पाल्यासाठी हेतुपुरस्सर बालकेंद्री पद्धतीची शाळा निवडली आहे. प्रवेशाच्या वेळी आपण म्हणता, ‘आमच्या मुलाचे बालपण हिरावले जाऊ नये.’ परंतु सहा महिने उलटतात आणि तेच पालक शिक्षिकेला विचारतात, ‘बाई, शेजारचा मुलगा शंभरपर्यंत आकडे लिहितो, आमचा अजून मणीच ओवतो आहे. गृहपाठ का देत नाही? उद्या दहावीला हा टिकेल कसा?’

या प्रश्नांना हसण्याचे कारण नाही. मध्यमवर्गीय कुटुंबाने जी काही प्रगती केली, ती शिक्षणाच्या बळावर केली. मुलाच्या भवितव्याची काळजी आई-वडिलांनी करायची नाही, तर कोणी करायची? मात्र ही काळजी समजुतीच्या पायावर उभी नसेल, तर शाळेने दिवसभर जे पेरले ते संध्याकाळी घरी आपल्याच हातून उपटले जाते.

‘बालकेंद्री’ या शब्दाविषयी प्रथम एक गैरसमज दूर करू. मुलाच्या लहरीप्रमाणे शाळा चालवणे, असा त्याचा अर्थ नाही. मूल कसे शिकते, याचा अभ्यास करून त्यानुसार शिकवण्याचा क्रम, साहित्य आणि वेळ ठरवणे, हा त्याचा अर्थ आहे. त्यात शिस्त आहेच, पण ती धाकातून न येता कामातील एकाग्रतेतून येते. ही कल्पना आपल्याकडे काल-परवा आलेली नाही. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. पुढे ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघाची स्थापना झाली. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डीला काम सुरू केले आणि अनुताई वाघ त्यात सहभागी झाल्या. वस्तीतील मुले बालवाडीपर्यंत येत नव्हती, तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. आज गावोगावी रुळलेला ‘अंगणवाडी’ हा शब्द त्या प्रयोगातून आला. शाळा आणि घर यांच्यात भिंत असता कामा नये, हा या शब्दाचा आशय आपण विसरलो आहोत.

आता एक साधे उदाहरण घेऊ. त्रेचाळीसमधून अठरा वजा करायचे आहेत. शाळेत मुलापुढे काड्या असतात. दहा-दहाचे चार गठ्ठे आणि तीन सुट्या. आठ सुट्या द्यायच्या आहेत आणि हाती तीनच आहेत. मूल थोडा वेळ विचार करते आणि एक गठ्ठा सोडते. आता सुट्या झाल्या तेरा. त्यातील आठ गेल्या, पाच उरल्या. उरलेल्या तीन गठ्ठ्यांपैकी एक दिला, दोन उरले. उत्तर पंचवीस. दशक म्हणजे काय, हे त्याच्या बोटांना कळले. ही कृती त्याने पुरेशा वेळा केली, की मग तीच वहीत उतरते.

संध्याकाळी घरी बाबा वही उघडतात. ‘काड्या काय मोडत बसलास? तीनातून आठ जात नाहीत, शेजाऱ्याकडून एक उसना घे!’ मूल निरागसपणे विचारते, ‘बाबा, तो परत कधी द्यायचा?’ बाबांना उत्तर सुचत नाही, कारण त्यांनाही ते कोणी सांगितलेले नसते. बाबांची रीत चुकीची नाही. पण अर्थ कळण्याआधी रीत हाती आली, तर मूल अर्थ शोधणे सोडून देते. त्याहून गंभीर बाब अशी, की बाई एक सांगतात आणि बाबा दुसरे, तेव्हा कोणावर विश्वास ठेवावा, या पेचात ते सापडते.

याचा दुसरा परिणाम शाळेवर होतो. पालकांचा आग्रह वाढला, पटसंख्या घटण्याची भीती दिसू लागली, की चांगली शाळाही नमते. प्रथम बालवर्गात गृहपाठ येतो, मग चाचण्या येतात आणि शेवटी ‘बालकेंद्री’ हा शब्द फक्त फलकावर उरतो. हे टाळणे एकट्या शिक्षकांच्या हाती नाही.

कायद्यानेही हे ओळखले आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे २९ वे कलम कृतीतून, शोधातून, बालस्नेही व बालकेंद्री रीतीने शिक्षण व्हावे, असे सांगते. त्याच कलमात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचाही उल्लेख आहे. म्हणजे बालकेंद्री शाळेत मूल्यमापन नसते, हा समज निराधार आहे. शासकीय शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्यात, अशीही तरतूद आहे. हा अधिकार इतिवृत्तावर सही करण्यापुरताच वापरला जात असेल, तर दोष कायद्याला कसा द्यायचा?

मग पालकांनी नेमके काय करावे? पहिली गोष्ट, शाळेची परवानगी घेऊन तासभर वर्गात मागे बसावे आणि न बोलता पाहावे. दुसरी, मुलाला घरी ‘आज किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘आज काय करून पाहिलेस?’ असे विचारावे. तिसरी, घरातील कामात त्याला सामील करून घ्यावे. शेंगा सोलणे, ताटे मांडणे, बाजारातील हिशेब या सर्वांत गणित आणि भाषा आहे. चौथी, घरी मुलाशी मातृभाषेत भरपूर बोलावे, गोष्टी सांगाव्यात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत मातृभाषेतून वा घरच्या भाषेतून शिक्षण देण्याचा पुरस्कार केला आहे. आजी-आजोबा घरात असतील, तर यासाठी त्यांच्याहून मोठे धन नाही.

आणि पाचवी गोष्ट, शाळेला प्रश्न अवश्य विचारावेत. बालकेंद्री हे नाव ढिलाईचे पांघरूण होऊ नये. तिसरीच्या अखेरीस मूल समजून वाचू शकावे, सोपे गणित करू शकावे, हे उद्दिष्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने ठेवले आहे. आपले मूल त्या वाटेवर कोठे आहे, मागे असेल तर शाळा काय करणार आहे आणि घरी आम्ही काय करावे, हे विचारणे पालकांचे कर्तव्य आहे. शिक्षकांनीही या प्रश्नांचे स्वागत करावे. मुलाच्या नोंदी उघडून दाखवाव्यात, पद्धतीमागचा विचार सोप्या शब्दांत सांगावा. पालकांना दारातच थांबवून त्यांच्याकडून विश्वासाची अपेक्षा करता येणार नाही.

येत्या महिन्यात प्रत्येक घरातून आई किंवा बाबा यांपैकी एकाने तरी वर्गासाठी एक तास काढावा, एवढेच आपल्याकडे मागतो. शुल्क आपण भरलेच आहे. आता हा वेळ द्या.