मिठाईचा खोका



चिटणीसबाईंनी 'मिठाई' हा विषय दिला तेव्हा मी एखादी कृती सांगेन, अशी त्यांची अपेक्षा असावी. मी मात्र खोक्याविषयी बोलणार आहे.

माझ्या नातवाला शेंगदाणा सोसत नाही. म्हणजे नुसते पोट बिघडते असे नव्हे. ओठ सुजतात, अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो. गेल्या दिवाळीत शेजारून आलेली काजूकतली मी त्याला दिली, आणि अर्ध्या तासात आम्ही दवाखान्यात होतो. डॉक्टरांनी मांडीत अ‍ॅड्रेनलिनचे इंजेक्शन दिले. मूल वाचले. काजूत दाण्याचे कूट मिसळले होते की एकाच यंत्रात दोन्ही दळले होते, हे कळायला मार्गच उरला नाही. वड्या स्टीलच्या डब्यात भरून खोका मी सकाळीच घंटागाडीत टाकला होता!

अमेरिकेत २००६ पासून दूध, अंडी, शेंगदाणा, गहू असे आठ पदार्थ वेष्टनावर स्पष्ट लिहावे लागतात. २०२३ पासून तीळ नववा. नाव राहून गेले तर माल परत बोलावतात. तरी चुका होतातच. तेथील अन्न व औषध प्रशासनाने तपासलेल्या, घटकांत दूध न लिहिलेल्या ८८ डार्क चॉकलेटांपैकी ५१ मध्ये दूध निघाल्याचे २०१५ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडेही माल परत बोलावण्याचे नियम २०१७ चे, लेबलाचे २०२० चे आहेत.

पण परत बोलावतात ते बॅच क्रमांकावरून, आणि तो असतो खोक्यावर. आपण काय करतो? मिठाई डब्यात, खोका केरात. त्यातून दिवाळीत एकीकडची मिठाई दुसरीकडे, तिसरीकडे! (हसू नका, मीही करते.) मग सूचना निघाली तरी ती कुणाच्या डब्याला लागू, हे कोण सांगणार? निदान वड्या संपेपर्यंत खोक्याचा लेबलाचा तुकडा डब्यात ठेवावा. हलवायाकडून तोलून आणलेल्या मिठाईवर बहुधा काहीच लिहिलेले नसते. तेथे विचारावेच लागते. आणि एखादे मूल नको म्हणाले तर "एवढ्याशाने काय होतंय" हा आपला लाडका आग्रह आवरावा.

संक्रांतीला मंडळाच्या तिळाच्या लाडवांत दाणे असतातच. यंदा ताटाशेजारी तशी चिठ्ठी ठेवावी, असे मी सुचवते. लिहिण्याचे काम माझ्याकडे.