नेव्हाकाठचे घर आणि एक डोळा

घर दुरुस्तीला निघाले असताना घरातील कर्त्या पुरुषावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ यावी, हा प्रसंग कोणत्याही कुटुंबाची परीक्षा पाहणारा असतो. गवंडी-सुतारांकडे लक्ष द्यावे, की रोग्याच्या उशापाशी बसावे? 1771 साली सेंट पीटर्सबर्ग येथे हा प्रसंग ज्याच्यावर ओढवला, तो त्या शतकातील एक थोर गणितज्ञ होता. त्याचे नाव लेओनार्ड ऑयलर.

ऑयलर मूळचा स्वित्झर्लंडमधील बाझेल नगरीचा. उजव्या डोळ्याची दृष्टी त्याने तिशीच्या सुमारासच गमावली होती. 1766 मध्ये बर्लिन सोडून तो रशियाला परतला, तेव्हा सम्राज्ञी कॅथरिनने त्याला घरासाठी सढळ हाताने द्रव्य दिले आणि नेव्हा नदीच्या काठी, वासिलियेव्स्की बेटावर, त्याचे मोठे कुटुंब राहू लागले. परंतु थोड्याच अवधीत डाव्या डोळ्यातही मोतीबिंदू वाढला. पाटीवर खडूने काढलेली मोठमोठी अक्षरे तेवढी त्याला ओळखता येत. बीजगणितावरील आपला प्रसिद्ध ग्रंथ त्याने याच काळात तोंडी सांगून लिहवून घेतला. (त्यात ज्या समीकरणाच्या संदर्भात त्याने पेल या इंग्रज गणितज्ञाचे नाव घेतले, ते ब्रह्मगुप्ताने आणि भास्कराचार्यांनी कित्येक शतके आधी हाताळले होते, पण तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.)

1771 च्या मे महिन्यात शहरात भीषण आग लागली. शेकडो घरे भस्मसात झाली. त्यांत ऑयलरचेही होते. चौसष्ट वर्षांचा, जवळजवळ अंध झालेला हा गृहस्थ आत अडकला असता बाझेलच्याच पेटर ग्रिम नावाच्या माणसाने ज्वाळांतून आत शिरून त्याला खांद्यावर घेऊन बाहेर आणले. बहुतेक हस्तलिखिते वाचली, चीजवस्तू मात्र गेली. घर पुन्हा उभारण्यासाठी सम्राज्ञीने 6000 रूबल दिले. पैसा मिळाला, पण ज्याला भिंत सरळ आहे की कललेली हे दिसत नाही, त्याने नव्या बांधकामावर नजर ठेवायची ती कशी?

त्याच वर्षी नेत्रवैद्य म्हणून ख्याती पावलेला बॅरन वेन्झेल त्या शहरात आला होता. मोतीबिंदूवर तेव्हा दोन उपाय प्रचारात होते. एक अतिप्राचीन : डोळ्यात शलाका घालून गढूळ झालेला नेत्रमणी बाजूला ढकलायचा. सुश्रुतसंहितेत याचे तपशीलवार वर्णन आहे. तीतील शलाकेचे टोक जवाच्या दाण्यासारखे असे. दुसरा उपाय नवा : स्वच्छमंडळाला छेद देऊन नेत्रमणीच बाहेर काढायचा. झाक दाव्हिएल या फ्रेंच वैद्याने तो अठराव्या शतकाच्या मध्यास रूढ केला. वेन्झेल हा या दुसऱ्या पद्धतीत निष्णात होता. कोकेनने डोळा बधिर करता येतो हे 1884 साली कळले. तोपर्यंत रोग्याला पूर्ण शुद्धीत, डोके स्थिर ठेवून, पाते डोळ्यात शिरताना सोसावे लागे. जंतुसंसर्गाची तर कल्पनाच नव्हती.

ऑयलरने शस्त्रक्रियेला संमती दिली. एकच डोळा उरलेला, घर जळालेले, उत्पन्न लेखणीवर अवलंबून. अशा स्थितीत ही संमती सोपी मानता येत नाही. शस्त्रक्रिया काही मिनिटांत आटोपली आणि ती यशस्वी ठरली. ऑयलरला दिसू लागले. कुटुंबात केवढा आनंद झाला असेल! परंतु तो अल्पजीवी ठरला. डोळ्यात दाह होऊन पू झाला, असह्य वेदना झाल्या आणि दृष्टी पुन्हा गेली, ती कायमची. वैद्यांनी नंतरची काळजी घेतली नाही असे काही म्हणत. रोग्यानेच डोळा वापरण्याची घाई केली असे इतर म्हणत. कदाचित दोन्ही कारणांत तथ्य असेल. पण त्या काळी हातही न धुता शस्त्र चालविले जाई, हे लक्षात घेता दोष कोणा एकाच्या माथी मारणे न्याय्य होणार नाही.

घराचे काम मात्र पूर्ण झाले. नव्या घरात ऑयलर मोठ्या मेजाभोवती, त्याची कड हाताने चाचपत, फेऱ्या घालीत असे आणि मुलगा योहान आल्ब्रेख्त, क्राफ्ट, लेक्सेल व पुढे तरुण निकोलाउस फुस त्याने सांगितलेले उतरवून घेत. चंद्राच्या गतीवरील विस्तृत ग्रंथ 1772 मध्ये प्रसिद्ध झाला. 1773 मध्ये पत्नी काथारिना निवर्तली. तीन वर्षांनी त्याने तिच्या सावत्र बहिणीशी विवाह केला. अंधत्वाच्या या काळात त्याने शेकडो निबंध सिद्ध केले.

18 सप्टेंबर 1783 रोजी त्याचे निधन झाले. त्या वर्षी फ्रान्समध्ये प्रथमच आकाशात सोडलेल्या बलूनच्या उड्डाणाचे गणित त्याच्या पाटीवर खडूने लिहिलेले आढळले. ते तसेच्या तसे उतरवून पॅरिसच्या विज्ञान अकादमीने पुढे छापले.