रूपमतीची चौकी



देवस्थानाच्या व्यासपीठावरून माळव्यातील एका टेकडीविषयी बोलण्याचे प्रयोजन काय, अशी शंका आपल्यापैकी कोणाच्याही मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु माळवा आपणांस वाटतो तितका परका नाही. महादजी शिंद्यांचे बक्षी जिवबादादा केरकर हे आपल्या गोमंतकाचेच. पोटापाण्यासाठी व पराक्रमासाठी आपली माणसे त्या प्रांती गेली आणि तेथे रुजली. शिवाय ज्या वाटेविषयी मला सांगावयाचे आहे ती दर्शनाची वाट आहे, अशी तिकडील लोकांची श्रद्धा आहे. त्या श्रद्धेत इतिहास किती आणि कथा किती, एवढाच आजचा विषय.

धार शहराहून दक्षिणेस मांडवगडाकडे निघाले की वाटेत नालछा हे गाव लागते. प्रवासी येथे क्वचितच थांबतो. त्याचे डोळे मांडूकडे लागलेले असतात. तरीही या गावाची जुनी योग्यता मोठी. इंग्रजी अंमलाच्या प्रारंभी मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहणारा सर जॉन माल्कम याने येथील एका पडक्या महालाची डागडुजी करवून तेथे वास्तव्य केले होते. नालछा सोडल्यावर शेतांतून घुमट व कमानी डोकावू लागतात. पुढे काकडा खोह नावाची खोल दरी माळव्याचे पठार व मांडूचे पठार यांना एकमेकांपासून तोडते; तेथून दरवाज्यामागून दरवाजे ओलांडीत आपण गडात शिरतो. जहाजमहाल, जामी मशीद, होशंगशहाची संगमरवरी कबर ही सारी प्रेक्षणीय आहेत, यात वाद नाही. त्यांचे वर्णन कोणत्याही मार्गदर्शिकेत मिळते. म्हणून मी ते येथे सोडून देतो.

मला सांगावयाचे ते सागर तलावाच्या पुढे. तेथून दक्षिणेकडे रेवाकुंडापर्यंत सुमारे तीन किलोमीटरांची वाट आहे. मोटार जाते, तरी ही वाट पायी चालावी असा माझा आग्रह आहे. दोन्ही बाजूंस भिल्लांची घरे, मक्याची शेते, आणि मधूनच गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष. खोड हत्तीच्या पायासारखे, फांद्या मात्र मुळे आकाशात रोवल्यासारख्या. मूळ आफ्रिकेतील हे झाड मांडूच्या मातीत असे रमले की तिकडे त्याच्या फळाला ‘मांडवची इमली’च म्हणतात. पाऊस संपल्यावर, आश्विन-कार्तिकात गेल्यास गवत अजून हिरवे असते आणि हवा धुऊन काढल्यासारखी स्वच्छ. अवघ्या तासाभराची ही चाल. वृद्धांनाही जड जाऊ नये.

रेवाकुंड येते. राणी रूपमती नर्मदेचे दर्शन घेतल्यावाचून अन्न घेत नसे, म्हणून नर्मदामाई स्वतः या डोंगरावर प्रकट झाली, अशी लोककथा आहे. नर्मदेची परिक्रमा करणारे यात्रेकरू या कुंडाला नर्मदेचेच रूप मानतात. कुंडाचे पाणी वर चढवून शेजारच्या महालात नेण्याची जी व्यवस्था होती, तिचे अवशेष अजून दिसतात. हा महाल बाजबहादुराचा म्हणून प्रसिद्ध आहे. परंतु त्यावरील लेख सांगतो की तो नासिरुद्दीन खिलजीच्या कारकिर्दीत, म्हणजे १५०८–०९ मध्ये उठला. बाजबहादूर गादीवर आला तो त्यानंतर सुमारे चार तपांनी. लोकांनी महाल बांधणाऱ्याला विसरून, त्यात गाणाऱ्याला तो देऊन टाकला. मला यात काही वावगे वाटत नाही.

महालामागून चढण सुरू होते. कड्याच्या अगदी टोकाशी उभी असलेली इमारत ती ‘रूपमती मंडप’. प्रियेला नर्मदा दिसावी म्हणून बाजबहादुराने तो बांधविला, असे वाटाडे सांगतात. दगड मात्र वेगळे बोलतात. खालची जाड भिंतींची बसकी दालने सर्वांत जुनी, ती पहारेकऱ्यांची चौकी होय. ती पुढे वाढविली गेली, आणि छतावरील दोन घुमटदार छत्र्या तर सर्वांत शेवटच्या. चौकीचे काम एकच, खाली निमाडातून कोण येते यावर नजर ठेवणे. शिखरावर झरा नाही, म्हणून पावसाचे पाणी साठविण्यासाठी तळघरात टाके केले आहे. आपल्याकडील गडकोटांवरची टाकी ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना येथे शिबंदीची वस्ती ओळखण्यास वाटाड्याची गरज पडणार नाही.

आता इतिहासाचा विलक्षण विनोद पाहा. पहारा दक्षिणेकडे, आणि संकट येई उत्तरेकडून! १५३५ साली गुजरातच्या बहादूरशहाचा पाठलाग करीत आलेल्या हुमायूनने मांडू घेतले. १५६१ च्या मार्चमध्ये अकबराचा सरदार आधमखान याने सारंगपूरजवळ बाजबहादुराचा मोड केला. राजा पळाला, रूपमतीने शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा विष घेतले. ती गेली सारंगपुरास, या मंडपात नव्हे. तरीही तिचा शोक करायला माणसे येथेच येतात. बाजबहादूर पुढे अकबराच्या चाकरीत शिरला आणि गवई म्हणून दरबारात वाखाणला गेला. त्या दोघांची हकिकत अहमद-उल-उमरी नावाच्या तुर्कमानाने १५९९ मध्ये फारसीत लिहिली, म्हणजे कथा निव्वळ अलीकडची नाही.

आणि खरोखरच दक्षिणेकडून सेना आली, तेव्हा सुलतानांचा तो पहारा कधीच उठून गेला होता. १७२८ च्या नोव्हेंबरात चिमाजीअप्पांच्या फौजा नर्मदा उतरून मांडवच्या घाटाने वर चढल्या. बरोबर मल्हारराव होळकर व उदाजी पवार होते. २९ नोव्हेंबरला अमझेऱ्याच्या रणात मोगल सुभेदार गिरिधर बहादूर व त्याचा चुलतभाऊ दया बहादूर दोघेही पडले आणि मराठ्यांना माळवा मोकळा झाला. धारेला पवारांचे राज्य उभे राहिले ते या वाटेने. छत्रीत उभे राहून खाली पाहताना मला रूपमतीपेक्षा त्या घोडदळाचीच आठवण अधिक होते, हे मी लपवीत नाही.

खाली सरळ बाराशे फुटांचा कडा, त्यापुढे निमाडचे मैदान, आणि त्याच्याही पलीकडे, हवा स्वच्छ असेल तर, रुपेरी दोऱ्यासारखी नर्मदा. पुष्कळांना ती दिसत नाही. दुपारच्या धुक्यात तर नाहीच नाही. सकाळी लवकर जावे. दिसली की बरोबरच्या वृद्ध स्त्रिया हात जोडतात. चौकी कोणी व कशासाठी बांधली, हे त्यांना सांगून पाहावे. त्या ऐकतात, आणि पुन्हा हात जोडतात. पहाऱ्याची जागा दर्शनाची झाली, ती कोणत्याही राजाने केली नाही.

एक गोष्ट मात्र कोणताही वाटाडा आपण होऊन सांगत नाही. त्या दोऱ्याच्या खालच्या अंगाला, दृष्टीच्या पलीकडे, आता नदी राहिलेली नसून जलाशय झाला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये सरदार सरोवर प्रथमच १३८.६८ मीटरांच्या पूर्ण पातळीपर्यंत भरले, आणि याच धार जिल्ह्यातील निसरपूर, चिखलदा यांसारख्या गावांतील घरे, शेते व देवळे पाण्यात गेली. धरणाने गुजरातच्या तहानलेल्या मुलखाला पाणी दिले, हेही तितकेच सत्य आहे. पण गाव उठते तेव्हा देव कोठे न्यावा, हा प्रश्न आपल्या महाजन घराण्यांना नवा नाही. कुशस्थळीचा श्रीमंगेश झुवारीपलीकडे अंत्रुजात आणला गेला तो १५६० मध्ये. रूपमतीच्या मृत्यूच्या आदल्याच वर्षी. तेव्हा आपल्या पूर्वजांनाही मूळ स्थानाकडे पाहावयाचे तर ते नदीच्या अलीकडून, दुरूनच पाहावे लागले.

आपल्यापैकी कोणी ओंकारेश्वर-महेश्वराच्या यात्रेस गेल्यास, एक दिवस नालछामार्गे या वाटेसाठी राखून ठेवावा, अशी माझी विनंती आहे. गोरखचिंचेची फळे विकणाऱ्या भिल्ल बायका वाटेत भेटतील. त्यांच्याकडे कुंडाची चौकशी केल्यास त्या त्याला रेवामाईच म्हणतील. आपणही तसेच म्हणावे.