जाम झालेला बोल्ट



आज आपण एका बोल्टाविषयी बोलू. बोल्ट तो केवढा? हाताच्या बोटाएवढा. पण तो मालट्रकच्या पुढच्या चाकांजवळ असतो. तो गंजून जाम झाला तर काय करावे आणि काय करू नये, हे ड्रायव्हरने, मालकाने, आणि ट्रकमधून आपला माल पाठवणाऱ्यानेही जाणून घ्यावे. ज्या रस्त्याने ट्रक जातो, त्याच रस्त्याने आपली मुले शाळेत जातात, नाही का?

आम्ही जन्मभर शाळेत शिकवले. गाडीची विद्या काही आमची नव्हे. पण आमचा एक जुना विद्यार्थी रत्नागिरीजवळ हमरस्त्यावर ट्रक दुरुस्तीचे गॅरेज चालवतो. संध्याकाळी आम्ही तेथे जाऊन बसतो. तो काम करतो, आम्ही विचारतो. आता तो गुरू आणि आम्ही विद्यार्थी! त्याच्याकडून शिकलो ते सांगतो.

चाक कसे वळते?

ड्रायव्हर हातातले स्टिअरिंग फिरवतो. स्टिअरिंगच्या दांड्याखाली एक पेटी असते. पेटीतून एक लोखंडी हात खाली लोंबतो. त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. त्या हाताला एक दांडा जोडलेला असतो. तो ड्रॅग लिंक. हा दांडा पुढचे एक चाक वळवतो. पुढची दोन्ही चाके आणखी एका आडव्या दांड्याने जोडलेली असतात. तो टाय रॉड. म्हणून एक चाक वळले की दुसरेही वळते.

या दांड्यांच्या टोकांना सांधे असतात. आपल्या खांद्यात उखळीचा सांधा असतो ना, तसेच हे सांधे. वाटीत गोळा बसवलेला असतो. आत ग्रीस आणि वर रबराची टोपी. टोपी फाटली की आत पाणी आणि धूळ शिरते. मग गोळा झिजतो, वाटी झिजते. स्टिअरिंग थोडे फिरवले तरी चाके जागची हलत नाहीत. ड्रायव्हर लोक म्हणतात, "प्ले आला."

प्ले फार वाढला तर एखाद्या दिवशी गोळा वाटीतून निसटतो. मग ड्रायव्हरने स्टिअरिंग कितीही फिरवो, गाडी आपल्या मनाने जाते. आंबा घाटातल्या वळणावर असे झाले तर काय होईल, ते सांगायला नको.

प्ले कसा ओळखावा?

दोन माणसे लागतात. गाडी सपाट जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा. मागच्या चाकांना पुढून-मागून ठोकळे लावावेत. एकाने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवावे. दुसऱ्याने बाजूने सांध्यांकडे पाहावे. सांध्याच्या एका बाजूचा दांडा हलतो आणि दुसरी बाजू उशिरा हलते, तर तो सांधा झिजला असे समजावे.

मग पुढचा आस जॅकने उचलावा आणि त्याखाली भक्कम घोडी लावावी. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधी जाऊ नये. चाक डाव्या-उजव्या बाजूंना धरून हलवले आणि ते खुळखुळले, तर टाय रॉडचे सांधे तपासावेत. वर-खाली धरून हलवले आणि खुळखुळले, तर बेअरिंग किंवा किंग पिन झिजली असेल. अशा वेळी दुसऱ्याने ब्रेक दाबून धरावा. खुळखुळ थांबली तर दोष बेअरिंगचा. तरीही राहिली तर किंग पिनचा.

आता बऱ्याच गाड्यांना पॉवर स्टिअरिंग असते. ते हलके फिरते. पण हलके फिरते म्हणजे सांधे चांगले आहेत, असे मात्र नव्हे.

बोल्ट जाम का होतो?

लोखंडाला पाणी आणि हवा मिळाली की गंज चढतो. पाणी खारे असेल तर फार लवकर. आमच्याकडे मिरकरवाडा बंदरातून मासळी बर्फात घालून ट्रकने जाते. बर्फ वितळतो. खारे पाणी ठिबकून गाडीच्या पोटाला लागते. खते वाहणाऱ्या गाडीचीही तीच गत. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत घट्ट बसते ना, तसा गंज बोल्टाच्या आट्यांत फुगून बसतो.

अशीच मासळीची एक गाडी एका संध्याकाळी गॅरेजात आली. स्टिअरिंगला भारी प्ले होता. टाय रॉडचे एक टोक बदलायचे होते. हे टोक दांड्यात आट्यांनी बसवलेले असते आणि वरून क्लॅम्पने आवळलेले असते. त्या क्लॅम्पचे दोन्ही बोल्ट जाम झाले होते.

मालक म्हणाला, "मिस्त्री, काय वाटेल ते करा, पण आज रात्री गाडी घाट चढली पाहिजे. बर्फ वितळतोय."

हाताखालच्या पोराने पान्याला लांब पाइप लावला. मिस्त्री ओरडला, "थांब रे! डोकं तुटेल आणि बोल्ट आतच राहील."

"मग गॅसची ज्योत लावा," मालक म्हणाला.

"नाही शेठ. ज्योत शेजारच्या आर्मला लागेल. तो आर्म कारखान्यात तापवून, विझवून कणखर केलेला असतो. पुन्हा लाल झाला की त्याचा कस जातो, आणि वरून काही दिसत नाही. जवळ ब्रेकची नळी आहे, रबर आहे, तेल आहे. मासळी दुसऱ्या गाडीत भरा. तुमची गाडी उद्या दुपारी न्या."

"आणि दुसऱ्या गाडीचं भाडं कोण देणार?" मालक चिडला. मग ड्रायव्हरकडे वळून म्हणाला, "तू चालव हळूहळू. काही होत नाही."

ड्रायव्हर बराच वेळ गप्प होता. नोकरीचा प्रश्न होता. शेवटी तो म्हणाला, "शेठ, मला कामावरून काढलंत तरी चालेल. पण ही गाडी मी आज घाटात नेणार नाही."

मालक रागाने रस्त्यापर्यंत गेला, परत आला आणि त्याने दुसरी गाडी बोलावली.

बोल्ट कसा सोडवला?

मिस्त्रीने तारेच्या ब्रशाने आटे घासून साफ केले. गंज सोडवणारे पातळ तेल दुकानात मिळते. ते आट्यांवर सोडले. बोल्टाच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके दिले. ठोक्यांनी गंज भेगाळतो आणि तेल आत उतरते. तासाभराने पुन्हा तेल, पुन्हा ठोके. मग रात्रभर तसेच ठेवले.

सकाळी बरोबर मापाचा रिंग पाना लावला. सैल पाना लावला तर डोक्याचे कोपरे झिजतात आणि मग धरायला काही उरत नाही. आधी बोल्ट किंचित आवळला, मग सोडला. पुन्हा तेल, थोडा पुढे, थोडा मागे. पहिला बोल्ट असा निघाला. दुसरा काही केल्या हलेना. तेव्हा मिस्त्रीने डोळ्यांना चष्मा लावला आणि तो करवतीने कापून काढला. "बोल्ट स्वस्त, आर्म महाग," तो म्हणाला.

मग सांध्याची पिन. ती निमुळत्या भोकात, कुदळीच्या दांड्यासारखी घट्ट बसलेली असते. आधी स्प्लिट पिन काढली. नट सैल केला, पण दोन-तीन आट्यांवर ठेवला, म्हणजे दांडा एकदम अंगावर पडत नाही. मग ज्या भोकात पिन बसते, त्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवून दुसऱ्या बाजूने घाव घातला. दोन-तीन घावांत पिन सुटली. पिनच्या टोकावर मात्र घाव घालू नये. आटे चेपतात.

टोक काढण्यापूर्वी मिस्त्रीने दांड्याची लांबी मोजून खडूने लिहून ठेवली होती. नवे टोक त्याच मापाने बसवले. टाय रॉडच्या एका टोकाचे आटे उजवे आणि दुसऱ्याचे डावे असतात, हेही ध्यानात ठेवावे. नटाची खाच आणि पिनचे भोक जुळले नाही, तर नट आणखी थोडा आवळावा, मागे कधी सोडू नये. स्प्लिट पिन दर वेळी नवी घालावी. शेवटी चाकांचे अलाइनमेंट यंत्रावर तपासून घ्यावे, नाही तर टायर लवकर झिजतात.

जुना सांधा मिस्त्रीने मालकाच्या हातात दिला. गोळा वाटीत खुळखुळ वाजत होता. मालकाने तो दोनदा हलवून पाहिला आणि मुकाट्याने ड्रायव्हरकडे दिला.

आता तुम्हाला वाचता येते

म्हणून दोन गोष्टी करा. नवा बोल्ट घेताना त्याच्या डोक्यावरचे इंग्रजी आकडे वाचा. ८.८ किंवा १०.९ असे आकडे असतात. १०.९ चा बोल्ट ८.८ पेक्षा मजबूत. जुन्या बोल्टावर जो आकडा असेल, तोच नव्यावर हवा. आकडा नसलेला स्वस्त बोल्ट स्टिअरिंगला लावू देऊ नका. कोणता नट किती आवळायचा, ते गाडीच्या कंपनीच्या पुस्तकात दिलेले असते. ते मिस्त्रीला दाखवायला सांगा.

दुसरी गोष्ट, गाडीत एक वही ठेवा. कोणता सांधा कोणत्या तारखेला बदलला, ग्रीस केव्हा भरले, प्ले केव्हा तपासला, ते लिहा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मालगाडीला फिटनेसचा दाखला लागतो. पण दोन तपासण्यांच्या मधल्या दिवसांतही सांधा झिजतच असतो. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि गाडीला काम कमी असते. तेव्हाच सगळे सांधे पाहून घ्या आणि बोल्टांना ग्रीस लावून ठेवा. मग बर्फ वितळत असताना बोल्टाशी झुंजण्याची पाळी येणार नाही.

त्या ड्रायव्हरची नोकरी आजही त्याच मालकाकडे आहे. त्याच्या गाडीत आता वही असते. पहिल्या पानावर त्याच्याच अक्षरात टाय रॉड बदलल्याची तारीख लिहिलेली आम्ही पाहिली आहे.