हेतू आणि पडताळणी
(माध्यमे आणि मूल्ये या विषयावरील परिषदेतील स्वागताध्यक्षीय भाषण)



अंबाबाईच्या आणि राजर्षी शाहू महाराजांच्या या करवीरनगरीत आपणा सर्वांचे मनःपूर्वक स्वागत! 1920 साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केला, तेव्हा त्याला आर्थिक साहाय्य करणारा राजा आमच्या गादीवर होता, याचा आम्हा कोल्हापूरकरांना अभिमान आहे.

माध्यमांतील मूल्यांची चर्चा इथे होत असताना, कोल्हापूरशीच जोडलेले एक जुने प्रकरण आठवते. छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांचा छळ होत असल्याच्या वार्तेने ‘केसरी’ आणि ‘मराठा’ अस्वस्थ झाले. हाती आलेल्या पत्रांवर विसंबून त्यांनी दिवाण बर्वे यांच्यावर आरोप केले. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली आणि ती पत्रे बनावट ठरली. या वृत्तपत्रांचे संपादक टिळक आणि आगरकर यांनी माफी मागितली. तरीही 1882 मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस काढून ते बाहेर आले.

त्या 101 दिवसांचा गौरव आपण नेहमी करतो. मला त्या माफीचेही मोल तितकेच वाटते. हेतू शुद्ध होता, कळकळ खरी होती, धैर्य तर होतेच. कमी पडली ती कागदाची पडताळणी, आणि चूक कळल्यावर ती कबूल करायला ही मोठी माणसे कचरली नाहीत.

आता दुसरी तारीख सांगतो. 1 जुलै 2018. धुळे जिल्ह्यातील राईनपाडा. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरली होती. भिक्षेसाठी आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. 1882 मध्ये खोट्या कागदाची किंमत लिहिणाऱ्यांनी स्वतः मोजली. राईनपाड्यात ती किंमत मोजली, ज्यांनी एक अक्षरही लिहिले नव्हते अशा माणसांनी.

मित्रहो, अफवा गावात आधी पोहोचते आणि बातमीदार मागून जातो, अशा काळात आपण काम करतो आहोत. म्हणूनच बातमीदाराने खात्री करूनच लिहिले पाहिजे. ज्याच्यावर आरोप आहे त्याला छापण्याआधी एक फोन झाला पाहिजे. आणि चूक पहिल्या पानावर झाली असेल, तर दुरुस्तीही पहिल्याच पानावर आली पाहिजे. एवढा एक निश्चय आपण सर्वांनी मिळून केला, तर यजमान म्हणून आम्ही धन्य होऊ.

पाहुणचारात काही उणे राहिल्यास आपलेपणाने सांभाळून घ्यावे. पुन्हा एकदा आपले स्वागत करतो आणि थांबतो.