नाचणाऱ्या पायांचं नाव काय?

(जालना इथं तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी गोदीत काम करतो. मुंबईत, ठेकेदाराच्या टोळीत. मॅट्रिक आहे, कविता लिहितो. गाव भोकरदन तालुक्यात. मला सांगितलं, नाचाच्या फिल्मवर बोल. आपल्या कलावंतांना अशी फिल्म काढायची तर मदत कुठून मिळंल ते सांग. मला कॅमेऱ्यातलं फार कळत नाही. पण गोदीत एक गोष्ट पहिल्याच दिवशी कळते. ज्या खोक्यावर मार्क नाही, ते खोकं बेवारस. मग ते कुणीही उचलावं.

माझी मावशी ऐन उमेदीत फडात नाचायची. म्हातारपणी एकदा शहरातून कॅमेरावाले गावात आले. दोन दिवस तिला नाचवलं. उन्हात, खळ्यावर, पुन्हा पुन्हा. एक लुगडं दिलं, पाचशे रुपये दिले, आणि इंग्रजी कागदावर अंगठा घेतला. वर्षभरानं मी ती फिल्म तिला मोबाईलवर दाखवली. दिग्दर्शकाचं नाव होतं, कॅमेरावाल्याचं होतं, जेवण पुरवणाऱ्या हॉटेलचंसुद्धा होतं. मावशीच्या वाट्याला काय? 'आभार : समस्त गावकरी'. पडद्यावर बराच वेळ नुसते पायच. मावशी म्हणाली, "पाय तर माजेच हैत. मंग मी कुठं हाय रं?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणून कायदा वाचला. कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्यात 1994 साली सादर करणाऱ्या कलावंताचा हक्क आला. नाचणारा, गाणारा, डोंबारी, गारुडी, सगळे त्यात आले. हा हक्क 50 वर्षांचा. 2012 च्या दुरुस्तीनं आणखी दिलं. आपलं नाव लावून मागण्याचा हक्क दिला, आणि फिल्मसाठी लेखी संमती दिली तरी तिच्या धंदेवाईक वापरावर मानधनाचा वाटा दिला. वाचून बरं वाटलं. पण त्याच दुरुस्तीत खाली एक ओळ आहे. सिनेमात ज्याचं काम किरकोळ आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव कुठंच देत नाहीत, त्याला कलावंत धरायचं नाही. कामाची विटंबना केली तर तेवढी दाद मागता येते. बाकी काही नाही.

म्हणजे रिवाजानं नाव गाळायचं, आणि नाव गाळलं म्हणून हक्क गाळायचा! रिवाज म्हणजे काय ते आपल्याला कुणी शिकवायला नको. गावकुसाबाहेर राहणं हाही रिवाजच होता.

मराठी सिनेमा तमाशावर जगला. 1959 चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात 131 आठवडे चालला. 1972 चा 'पिंजरा', 2010 चा 'नटरंग'. गल्ला भरला. आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर? 1957 आणि 1990, दोनदा राष्ट्रपतींचा पुरस्कार. 2002 साली गेल्या, शेवटचे दिवस हलाखीत. सरकारनं मराठी चित्रपटाला अनुदान ठरवलं होतं, अ दर्जाला 40 लाख, ब दर्जाला 30 लाख. ते निर्मात्याच्या हातात जातं. तिथून नाचणारीच्या हातात किती येतं, हे तिनं विचारायचं कुणाला?

आपल्यातलेच काहीजण म्हणतील, कशाला ही भानगड? बाबासाहेबांनी हे सोडायला सांगितलं. खरं आहे. 16 जून 1936 ला परळच्या दामोदर हॉलमध्ये मुरळ्या-जोगतिणींसमोर ते बोलले. लाजिरवाणं जिणं सोडा म्हणाले. ते मला शिरसावंद्य आहे. पण ह्याच चळवळीत भीमराव कर्डकांनी तमाशाचा साचा घेऊन जलसा उभा केला, आणि गावोगाव विचार नेला. ढोलकी तीच, मालक बदलला. मी मावशीला पुन्हा फडात नाचवायला निघालो नाही. तिनं जे केलं ते तिच्या नावावर चढवायला निघालोय.

हे कुठं झालंच नाही असं नाही. 1945 साली अमेरिकेत माया डेरेन ह्या बाईनं नाचाची तीनेक मिनिटांची मुकी फिल्म काढली. नाचणारा टॅली बीटी, काळा माणूस. तो रानात पाय उचलतो आणि खोलीत टेकवतो. ना सेट, ना गाणं. पण सुरुवातीलाच लिहिलंय, फिल्म डेरेन आणि बीटी ह्या दोघांची. काळ्या माणसाला वेगळ्या डब्यात बसवणारा तो देश, आणि त्या काळात हे झालं. म्हणजे नाव लावायला फार पैसा लागत नाही. दानत लागते.

आता मदतीचं. बंगळुरूचं इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स 1995 पासून कलावंतांना अनुदान देतंय, अर्ज आपल्या भाषेत चालतो. तो आपण मराठीतच लिहू. राज्य सरकारचं ज्येष्ठ कलावंतांना मानधन आहे, 2024 पासून महिना 5000. पण त्याला कलेचा पुरावा जोडावा लागतो. मावशीकडं पुरावा काय? एक घुंगरांची जोडी. त्या फिल्मवर नाव असतं तर तोच कागद झाला असता. म्हणून सांगतो, नाव म्हणजे मानपान नाही, नाव म्हणजे भाकर आहे.

'जालना सोने का पालना' म्हणतात. पाळण्यात कोण झोपलंय ते राहू द्या. आपण आपली फिल्म आपल्या मोबाईलवर काढू. नियम चार. कागद मराठीत, आणि सही-अंगठ्याआधी मोठ्यानं वाचून दाखवायचा. मजुरी कॅमेरा सुरू होण्याआधी. नाव पहिल्या पाटीवर. तयार फिल्मची एक प्रत तिच्या घरात.

मावशीला विचारलंय. ती हो म्हणाली, पण तिची पाचवी अट आहे : "नुसते पाय नगं. माजं तोंड दिसलं पायजे, आन् नाव माजं मीच सांगनार."

मला रविवारी रात्रपाळीला हजर व्हायचंय. तोवर ठरवू. ढोलकीवाल्याची मजुरी कोण गोळा करतो, दिवे कोण आणतो, अर्ज लिहायला कोण बसतो? नावं सांगा, मी लिहून घेतो.

जय भीम.