गजबज हवी की निवांतपणा?
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डिप्लोमा केलेला, रुळांवर चालणारा माणूस. भाषण हा माझा प्रांत नाही. पण दिवाळी जवळ आली की आपल्या कॉलनीत ‘यंदा पास कुठचा काढायचा?’ हा विषय निघतोच. आपण महाराष्ट्रात असतो तर अलिबाग, गणपतीपुळे म्हटले असते. इथे खरगपूरला आपल्या वाट्याला बंगालचा उपसागर आला आहे. मेन लाइनने निघालो की बालासोरला उतरून चांदीपूर, खुर्दा रोडहून फाटा घेऊन पुरी आणि पुढे ब्रह्मपूरला उतरून गोपालपूर. तिन्ही ठिकाणी समुद्रच आहे, पण तिघांचे स्वभाव वेगळे.

पुरीचे स्वर्गद्वार म्हणजे बारमाही जत्रा. शंखशिंपल्यांची दुकाने, उंटावरची रपेट, तळलेल्या मासळीचा वास, आणि पूजेच्या सुटीत तर पाय ठेवायला जागा नाही. गोपालपूर हे जुने बंदर. एक दीपगृह, थोडी हॉटेले, सकाळी होड्या ओढणारे कोळी. ब्रह्मपूर स्टेशनापासून साधारण 16 किलोमीटर. चांदीपूरची तर तऱ्हाच न्यारी. ओहोटीला समुद्र पाच-पाच किलोमीटर आत निघून जातो. भरतीची वेळ विचारून गेला नाहीत तर समुद्राला जाऊन नुसता चिखल पाहून याल!

लोक मला विचारतात, यातले चांगले कोणते? माझे म्हणणे असे की, आधी कोण कोण येणार आहे ते मोजा.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडे हाच वाद झाला. वडील गेल्यानंतर आई आमच्याकडे राहायला आली होती. तिला सोबत घेऊन ही पहिलीच सहल. मला वाटले, वयस्कर बाई आहे, तिला शांत जागा बरी. सौ.चेही मत गोपालपूरचेच. ती म्हणाली, “मला चार दिवस कुकरची शिटी आणि तुमचा कंट्रोलचा फोन, दोन्ही नको.” मुलांना पुरी हवी होती. आई म्हणाली, “तुम्ही ठरवाल तिथे.” दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी तिला एकटीला विचारले, तेव्हा म्हणाली, “अरे, तू ड्यूटीवर, पोरं शाळेत. शांतता घरी काय कमी आहे? मला जरा माणसं बघू दे.”

मंडळी, शांतता कामाने थकलेल्याला हवी असते. एकट्या पडलेल्या माणसाला तीच नकोशी होते. हे त्या दिवशी कळले.

मग आम्ही दोन रात्री पुरी आणि दोन रात्री गोपालपूर असा बेत केला. क्रम मुद्दाम असा ठेवला. आधी गजबज, म्हणजे मुलांचा उत्साह जिरतो. नंतर निवांतपणा, म्हणजे कामावर परतताना माणूस ताजा असतो. पुरीत खोली स्वर्गद्वाराला न घेता चक्रतीर्थ रोडच्या बाजूला घेतली. संध्याकाळी रिक्षाने जत्रेत जावे आणि रात्री शांत झोपावे. आई तासन् तास किनाऱ्यावर बसून माणसे पाहत होती, शेजारच्या बंगाली आजींशी खुणांनी गप्पा मारत होती. गोपालपूरला सौ. दोन्ही दिवस उन्हे वर येईपर्यंत झोपली. तेवढ्यात आई मुलांना घेऊन कोळ्यांची जाळी बघून आली.

आता थोडे कामाचे. निवांत किनाऱ्यावर पाण्यात उतरताना दुप्पट सावध राहा, कारण बुडणाऱ्याला पाहणारे तिथे कोणी नसते. पुरीच्या लाटा दांडग्या आहेत, पण तिथे टोकदार टोप्या घातलेले नोलिया असतात. 2020 साली ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळालेला पट्टाही तिथेच आहे. पाण्याने आत ओढलेच तर किनाऱ्याकडे झुंजत येऊ नये. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीतून बाहेर पडावे आणि मग वळावे. शांत ठिकाणी जेवणाची सोय आधी विचारा, नाहीतर घरची बाई तिथेही पोळ्यांचा डबा सांभाळत बसते. हॉटेलवाला ‘समुद्र जवळच’ म्हणाला तर चालत किती मिनिटे ते विचारा. आम्ही रूळसुद्धा पायी चालूनच तपासतो! आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे या किनाऱ्यावर वादळाचे महिने. 2013 चे फायलिन ऑक्टोबरातच गोपालपूरजवळ धडकले होते. 2019 चे फानी मात्र मे महिन्यात पुरीला आले. डिसेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

शेवटी एवढेच सांगतो. पासचा अर्ज भरण्याआधी घरात प्रत्येकाला वेगवेगळे विचारा. जो ‘तुम्ही ठरवाल तिथे’ म्हणतो, त्याला दोनदा विचारा.